टिपणलेखनातील स्वरचित आज्ञा : ईमॅक्स-ऑर्ग आणि ऑब्सिडियन या प्रणालींची चिकित्सा

सारांश

संगणकावर टिपणे ठेवण्याच्या काही सॉफ्टवेअरमध्ये प्लगइनच्या साहाय्याने वापरकर्त्याला स्वतःच्या आज्ञा व शॉर्टकट निर्माण करता येतात. या सुविधेचे मूल्यमापन बहुधा वेळेच्या बचतीवर केले जाते. प्रस्तुत शोधनिबंधात ईमॅक्समधील ऑर्ग-मोड आणि ऑब्सिडियन या दोन प्रणालींच्या आधारे हा निकष अपुरा असल्याचे प्रतिपादन केले आहे. कळांवरील वापरकर्त्याचा हक्क, आज्ञेची आत्मपरिचयक्षमता आणि आज्ञेच्या फलिताची स्वायत्तता हे तीन पर्यायी निकष येथे मांडले आहेत. देवनागरीतून लेखन करणाऱ्या अभ्यासकाचा आणि संशोधन-सामग्रीच्या गोपनीयतेचा प्रश्नही या अनुषंगाने विचारात घेतला आहे.

बीजशब्द : टिपणलेखन, प्लगइन, स्वरचित आज्ञा, शॉर्टकट, साधा मजकूर, देवनागरी.

प्रस्तावना

संशोधनाचा ग्रंथ प्रसिद्ध होतो, वाचला जातो, त्याची समीक्षा होते. ज्या टिपणांच्या आधारावर तो ग्रंथ उभा राहतो ती टिपणे मात्र अभ्यासकाच्या कपाटातच राहतात. त्यामुळे टिपणलेखनाच्या साधनांचा विचार हा गौण, केवळ सोयीचा विचार मानला जातो. वास्तविक साधन बदलले की काय टिपले जाते आणि कसे टिपले जाते हेही बदलते. कागदी पत्रिकांच्या जागी संगणक आल्यानंतर हा बदल अधिक खोलवर गेला आहे, कारण संगणकावरील साधनाचे वर्तन वापरकर्ता स्वतः बदलू शकतो.

हे वर्तन बदलण्याचा प्रचलित मार्ग म्हणजे प्लगइन होय. मूळ सॉफ्टवेअरमध्ये नसलेले एखादे कार्य बाहेरून जोडणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे प्लगइन. असा प्लगइन मूळ सॉफ्टवेअरला नवी आज्ञा शिकवितो आणि ती आज्ञा दोन-तीन कळांच्या एकत्रित दाबाने, म्हणजे शॉर्टकटने, चालविता येते. ‘संदर्भाचे नवे टिपण उघड’, ‘निवडलेला उतारा आजच्या टाचणात ने’ अशा आज्ञा यातून तयार होतात. या सुविधेची भलामण करताना वेळ वाचतो, हात माउसकडे न्यावा लागत नाही, असे सांगितले जाते. हे खरे असले तरी दहा-पंधरा वर्षे चालणाऱ्या अभ्यासात काही क्षणांच्या बचतीला किती महत्त्व द्यावे, हा प्रश्न उरतोच. अशी आज्ञा टिपणात मागे काय ठेवते, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. प्रस्तुत विवेचनाचा रोख या दुसऱ्या प्रश्नाकडे आहे.

पूर्वपीठिका : पत्रिका, संक्षेप आणि आज्ञा

पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात १९४८ मध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने ऐतिहासिक तत्त्वांवर आधारित संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले. त्यासाठी सुमारे एक कोटी शब्दपत्रिका तयार करण्यात आल्या. जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान यांनी एकट्याने सुमारे ९० हजार पत्रिकांचा संग्रह केला व त्यासाठी स्वतःची क्रमांकपद्धती योजली. या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. पत्रिका लिहिणारा हात थांबला तरी पत्रिका वाचता येते. ती वाचण्यास कोणत्याही यंत्राची आवश्यकता नसते.

लेखनातील श्रम वाचविण्याची इच्छाही नवीन नाही. पेशवेकालीन मोडी दफ्तरांत ‘मौजे’साठी ‘मौ॥’, ‘परगणा’साठी ‘प॥’, चांद्रतिथीसाठी ‘छ’ असे संक्षेप सर्रास आढळतात. हे संक्षेप कागदावरच राहत असत आणि तरीही ते आज वाचता येतात, कारण ते एका लेखकाचे नसून संपूर्ण कारकुनी परंपरेचे होते. संगणकावरील शॉर्टकटची स्थिती याच्या उलट आहे. तो बहुधा एकाच व्यक्तीचा असतो. परंतु त्याने घडविलेला मजकूर पूर्ण लिहिलेला असू शकतो. संक्षेप कृतीत असतो, लेखनात नसतो. या भेदाकडे पुढील विवेचनात पुन्हा लक्ष द्यावे लागेल.

संगणकीय टिपणव्यवहाराच्या कल्पनेतच स्वरचित आज्ञेचे बीज होते. व्हॅनेव्हर बुश यांनी १९४५ च्या जुलैमध्ये ‘अटलांटिक’ मासिकातील लेखात ‘मेमेक्स’ या काल्पनिक यंत्राचे वर्णन केले. त्यात वाचक दोन नोंदी परस्परांशी जोडतो, त्या वाटेला स्वतः नाव देतो, ते नाव आपल्या संकेतपुस्तिकेत लिहितो आणि कळफलकावरून ती वाट पुन्हा उघडतो. येथे नाव देण्याचा अधिकार वाचकाकडे आहे, ही बाब लक्षणीय आहे.

ईमॅक्स आणि ऑर्ग-मोड : कळांवरील हक्क

ईमॅक्स या संपादकाचा जन्मच स्वरचित आज्ञांच्या अतिरेकातून झाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत ‘टेको’ नावाचा संपादक वापरला जात असे. रिचर्ड स्टॉलमन यांनी त्यात कळांना आज्ञासमूह जोडण्याची सोय केल्यावर अनेकांनी आपापले आज्ञासंच तयार केले. परिणामी एकाच्या संगणकासमोर दुसऱ्यास काम करता येईना. या विविध संचांचे एकीकरण करण्याचे काम गाय स्टील यांनी हाती घेतले आणि स्टॉलमन यांनी ते पुढे नेऊन १९७६ मध्ये ईमॅक्स सिद्ध केला. स्वातंत्र्य आणि सामायिकता यांतील हा ताण आजच्या प्लगइन-संस्कृतीलाही लागू पडतो.

या अनुभवातून ईमॅक्सच्या परंपरेने एक नियम स्वीकारला. ईमॅक्सच्या लिस्प भाषेच्या मार्गदर्शिकेनुसार ‘कंट्रोल-सी’नंतर एखादे अक्षर अशी कळमालिका कोणत्याही प्रोग्रॅमने व्यापावयाची नाही, ती केवळ वापरकर्त्यासाठी राखीव आहे. खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी २००३ मध्ये सुरू केलेला ऑर्ग-मोड हा टिपणे, कार्यसूची व लेखन यांसाठीचा विस्तार या नियमाचे पालन करतो. त्यातील टिपण टिपून घेण्याची आज्ञा ‘कंट्रोल-सी’ आणि ‘सी’ या कळांना जोडावी, असे त्याची मार्गदर्शिका सुचविते; ही जोडणी मात्र वापरकर्त्याने स्वतः आपल्या आरंभ-फाइलमध्ये लिहावयाची असते. वरकरणी ही गैरसोय वाटते. परंतु त्यामुळे वापरकर्त्याच्या प्रदेशात विकासकाला प्रवेश मिळत नाही, आणि कोणती कळ काय करते याची नोंद वापरकर्त्याच्याच फाइलमध्ये वाचनीय स्वरूपात राहते.

ऑर्ग-मोडमधील ही आज्ञा चालविली असता प्रथम साचा निवडण्यासाठी एक अक्षर विचारले जाते, नंतर छोटी खिडकी उघडते, टिपण लिहून पूर्ण केले की अभ्यासक मूळ जागी परत येतो. वाचन चालू असताना मध्येच सुचलेला विचार नोंदवून वाचनाकडे परतणे हे येथील खरे साध्य आहे. तेव्हा शॉर्टकटचे मूल्य वेगापेक्षा अवधान अखंड राहण्यात आहे, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

स्टॉलमन यांनी १९८१ च्या आपल्या निबंधाच्या शीर्षकातच ईमॅक्सला स्वतःची माहिती स्वतः देणारा संपादक म्हटले आहे. कोणतीही कळ काय करते हे ईमॅक्सलाच विचारता येते आणि ते उत्तर वापरकर्त्याने केलेले बदल धरून मिळते. स्वतःच निर्माण केलेली आज्ञा सहा महिन्यांनी विस्मरणात जाते, हा सार्वत्रिक अनुभव लक्षात घेता या गुणाला निकषाचे स्थान द्यावयास हवे. त्यास येथे आत्मपरिचयक्षमता अशी संज्ञा वापरली आहे.

ऑब्सिडियन : आज्ञासूची आणि प्लगइन

ईमॅक्स आत्मसात करण्यास दीर्घ काळ लागतो. त्यामुळे मानव्यविद्या शाखांतील अभ्यासक त्याकडे क्वचितच वळतात. शिडा ली आणि एरिका शू यांनी २०२० मध्ये प्रसृत केलेल्या ऑब्सिडियनने हे अंतर बरेच कमी केले. यातील टिपणे मार्कडाउन या साध्या मजकुराच्या पद्धतीत, वापरकर्त्याच्या स्वतःच्या संगणकावरील एका फोल्डरमध्ये राहतात. मार्कडाउन ही पद्धती जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये मांडली. ऑब्सिडियन स्वतः मुक्तस्रोत नाही. त्यातील टिपणे मात्र कोणत्याही साध्या संपादकात उघडतात.

ऑब्सिडियनचा प्लगइन जावास्क्रिप्ट भाषेत चालतो. प्रत्येक आज्ञेला एक अंतर्गत ओळखनाम आणि एक दृश्य नाव असते. ‘कंट्रोल-पी’ दाबल्यावर उघडणाऱ्या आज्ञासूचीत हे दृश्य नाव दिसते आणि शॉर्टकट दिलेला असल्यास तोही त्यासमोर दिसतो. म्हणजे कळ विसरली तरी नावावरून आज्ञा सापडते. शिवाय एकच कळ दोन आज्ञांना दिली गेल्यास शॉर्टकटच्या मांडणीपत्रकात तो संघर्ष दाखविला जातो. आत्मपरिचयाचा गुण येथे वेगळ्या मार्गाने साधला आहे.

कळांच्या हक्काबाबतही दोन्ही प्रणालींत साम्य आढळते. प्लगइन लिहिणाऱ्यांनी आज्ञांना आपणहून शॉर्टकट जोडू नयेत, कारण ते वापरकर्त्याने योजलेल्या शॉर्टकटशी भिडू शकतात, असे ऑब्सिडियनचे विकासकांसाठीचे मार्गदर्शन सांगते. ईमॅक्समध्ये राखीव क्षेत्राचा स्पष्ट नियम आहे, तर येथे विकासकाच्या विवेकावर सोपविलेली सूचना आहे. मात्र दोन्हींच्या मुळाशी असलेले तत्त्व एकच आहे.

प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या अभ्यासकासाठी ‘क्विकअॅड’ हा प्लगइन उपयुक्त आहे. साच्यावरून टिपण करणे, ठरलेल्या टिपणात मजकूर भरणे किंवा अनेक आज्ञा क्रमाने चालविणे अशा निवडी त्यात तयार करता येतात आणि प्रत्येक निवडीला स्वतंत्र आज्ञेचा दर्जा देता येतो. अभ्यासक त्या आज्ञेस हवे ते नाव देतो. बुश यांनी कल्पिलेला नामकरणाचा अधिकार येथे प्रत्यक्षात उतरतो.

एक उणीव मात्र नोंदविली पाहिजे. शॉर्टकट हा आज्ञेच्या दृश्य नावाला जोडलेला नसून तिच्या अंतर्गत ओळखनामाला जोडलेला असतो. विकासकाने नव्या आवृत्तीत ते ओळखनाम बदलले, तर वापरकर्त्याची कळ निराधार होते. प्लगइन बंद केला असता त्याच्या आज्ञा सूचीतूनही नाहीशा होतात. म्हणजे सवय वापरकर्त्याची असली तरी तिचे मूळ दुसऱ्याच्या हाती असते.

आज्ञेचे फलित : दोन प्रकार

प्लगइनने निर्माण केलेली आज्ञा टिपणात काय ठेवून जाते, या दृष्टीने दोन प्रकार संभवतात. पहिल्या प्रकारात आज्ञा एकदा चालते, मजकूर घडविते आणि दूर होते. दुसऱ्या प्रकारात टिपणात केवळ प्रश्न राहतो आणि उत्तर दरवेळी प्लगइन नव्याने तयार करून दाखवितो. ऑब्सिडियनचे ‘टेम्प्लेटर’ व ‘डेटाव्ह्यू’ हे प्लगइन अनुक्रमे या दोन प्रकारांची उदाहरणे होत.

समजा, एखादा अभ्यासक दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनांतील बोलीशब्दांचा अभ्यास करीत आहे. शॉर्टकट दाबताच टेम्प्लेटर नवे टिपण उघडतो. त्यात दिनांक, ग्रंथनाम, पृष्ठ, शब्द, अर्थ व प्रसंग असे रकाने लिहिले जातात. पुढे टेम्प्लेटर काढून टाकला तरी लिहिला गेलेला दिनांक व भरलेले रकाने जसेच्या तसे राहतात. येथे यंत्राने केलेले काम कागदावर शाईने लिहिल्याप्रमाणे स्थिर झालेले असते.

आता याच अभ्यासकाने डेटाव्ह्यूच्या साहाय्याने ‘सर्व बोलीशब्द ग्रंथनिहाय दाखव’ असा प्रश्न एका टिपणात लिहिला, तर पडद्यावर सुबक कोष्टक दिसते. नवा शब्द नोंदविला की कोष्टकही वाढते. ही मोठीच सोय आहे. तथापि ते कोष्टक फाइलमध्ये कोठेही नसते. फाइलमध्ये प्रश्नाच्या काही ओळी तेवढ्या असतात. प्लगइन चालेनासा झाला की कोष्टक नाहीसे होते. मूळ टिपणे सुरक्षित राहतात, परंतु त्या टिपणांतून अभ्यासकाने रचलेली संगती, जी संशोधनाच्या दृष्टीने अधिक मोलाची असते, ती हरवते.

ऑर्ग-मोडमध्ये या पेचावर एक तोडगा आढळतो. कामाच्या वेळेचा तक्ता देणारा त्यातील गट आज्ञा दिल्यावर नव्याने तयार होतो, आणि तयार झालेला तक्ता फाइलमध्येच मजकूर म्हणून लिहिला जातो. प्रश्न आणि उत्तर दोन्ही शेजारी राहतात. उत्तर शिळे होऊ शकते, हा त्यातील दोष आहे. परंतु शिळे उत्तर वाचता येते, नसलेले उत्तर वाचता येत नाही. संशोधन-टिपणांच्या बाबतीत हा दुसरा धोका अधिक गंभीर मानावा लागेल.

हा धोका काल्पनिक नाही. एव्हरनोट या लोकप्रिय सॉफ्टवेअरची २०२० मधील दहावी आवृत्ती नव्याने बांधण्यात आली, तेव्हा मॅक संगणकावरील अॅपलस्क्रिप्टचा आधार त्यातून वगळला गेला आणि त्यावर उभारलेल्या वापरकर्त्यांच्या स्वरचित आज्ञा नव्या आवृत्तीत निरुपयोगी ठरल्या. अशा वेळी ज्या आज्ञांनी पूर्ण मजकूर मागे ठेवलेला असतो त्यांचे काम टिकते. मोडी दफ्तराशी केलेली तुलना येथे उपयोगी पडते. शॉर्टकट खासगी असावयास हरकत नाही, परंतु त्याचे फलित सर्वांना वाचता येण्याजोगे असले पाहिजे.

साच्याचे बंधन

स्वरचित आज्ञेचा आणखी एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. साचा हा अभ्यासकाने स्वतः तयार केलेला असला तरी तो अभ्यासाच्या आरंभी तयार केलेला असतो. त्या वेळी जे प्रश्न महत्त्वाचे वाटले त्यांचेच रकाने त्यात असतात. वरील उदाहरणात शब्द, अर्थ व प्रसंग यांना जागा आहे. तो शब्द कोण कोणाला उद्देशून उच्चारतो याला नाही. आत्मकथनांच्या अभ्यासात बोलणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे सामाजिक स्थान निर्णायक असू शकते. रकाना नसल्यामुळे शेकडो टिपणांत ते सुटून जाण्याचा संभव असतो. हाताने लिहिलेल्या टिपणात समासात काहीतरी लिहिले जाते. साच्यातही मोकळी जागा असते, पण रकाने भरले की टिपण पूर्ण झाल्याचा भास होतो.

टिपून घेणे सुलभ झाल्यामुळे उतारे साठविण्याची प्रवृत्तीही बळावते. दोन कळांनी उतारा उचलता येतो, पण त्यावरील मत दोन कळांनी तयार होत नाही. म्हणून साच्यात अभ्यासकाच्या स्वतःच्या विधानासाठी एक जागा ठेवणे आणि काही महिन्यांनी साचाच तपासणे आवश्यक ठरते. आज्ञा बदलण्याची सोय उपलब्ध असताना ती न वापरणे म्हणजे स्वतःच्याच जुन्या निर्णयाचे दास्य पत्करणे होय.

देवनागरीतून टिपणे आणि रोमन कळा

मराठीतून टिपणे लिहिणाऱ्यापुढे एक वेगळी अडचण उभी राहते. शॉर्टकटची सर्व परंपरा रोमन कळफलकावर उभी आहे. ईमॅक्समध्ये देवनागरी लिहिण्याची अंतर्गत सोय असून कंट्रोल व बॅकस्लॅश या कळांनी ती चालू-बंद होते. ही सोय ईमॅक्सच्या आतच असल्यामुळे देवनागरी लिहीत असतानाही आज्ञांच्या कळा पूर्ववत चालतात. याउलट संगणकाच्या मूळ प्रणालीतूनच रोमनेतर कळफलक निवडला, तर ईमॅक्सपर्यंत कंट्रोलसह रोमनेतर अक्षर पोहोचून आज्ञा ओळखली न जाण्याची अडचण संभवते. रशियन लिपीत लिहिणाऱ्यांना ती परिचित आहे.

वापरकर्त्यासाठी राखीव असलेल्या क्षेत्रात रोमनेतर अक्षरांचाही समावेश आहे. तत्त्वतः ‘कंट्रोल-सी’नंतर ‘ट’ अशी कळ टिपणासाठी योजता येईल. व्यवहारात मात्र कळमालिकेतील दुसऱ्या व पुढील कळांना ईमॅक्सची अंतर्गत देवनागरी सोय लागू होत नाही. त्यामुळे हक्क असूनही तो बजावणे कठीण जाते. अखेर रोमन अक्षरच मराठी शब्दाची आठवण म्हणून वापरावे लागते, आणि तेथे ‘टिपण’ व ‘तारीख’ एकाच ‘टी’साठी, तर ‘संदर्भ’ व ‘शब्द’ एकाच ‘एस’साठी स्पर्धा करतात.

या परिस्थितीत आज्ञासूचीचा मार्ग अधिक आश्वासक वाटतो. क्विकअॅडमधील निवडीला ‘संदर्भ नोंदवा’ असे मराठी नाव देता येते आणि सूचीत ते मराठीतूनच दिसते. कळ रोमन राहिली तरी आज्ञेची भाषा मराठी होते. अभ्यासाची परिभाषा आणि साधनाची परिभाषा एक होणे ही केवळ भावनिक बाब नाही. आपण नेमकी कोणती कृती करीत आहोत याचे भान त्यामुळे टिकते.

विश्वास आणि गोपनीयता

प्लगइन हा दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम असतो. तांत्रिक मर्यादांमुळे प्लगइनवर परवानगीनिहाय बंधन घालता येत नाही. प्लगइन संगणकावरील फाइलींपर्यंत पोहोचू शकतो व इंटरनेटशीही जोडला जाऊ शकतो, असे ऑब्सिडियनच्या साहाय्य-दस्तऐवजाने नमूद केले आहे. याच कारणास्तव समुदायाने लिहिलेले प्लगइन आरंभी बंद ठेवलेले असतात आणि वापरकर्त्याने ते जाणीवपूर्वक सुरू करावयाचे असतात. ईमॅक्समधील विस्तारांनाही असेच व्यापक अधिकार असतात.

क्षेत्रीय अभ्यास करणाऱ्या संशोधकाच्या टिपणांत मुलाखत देणाऱ्यांची नावे, त्यांचे आजार, जात, कौटुंबिक कलह यांची माहिती असते. ती माहिती संशोधकावर विश्वास ठेवून दिलेली असते. एका शॉर्टकटच्या सोयीसाठी तो विश्वास अनोळखी प्रोग्रॅमकडे सोपविण्याचा अधिकार संशोधकाला आहे काय, याचा विचार झाला पाहिजे. अशी सामग्री प्लगइन नसलेल्या स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवल्याने जोखीम कमी होते, परंतु संपत नाही. कारण एका फोल्डरसाठी सुरू केलेला प्लगइनही त्या संगणकावरील इतर फाइलींपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून अशा टिपणांत मूळ नावांऐवजी संकेतनामे वापरून नावांची यादी त्या संगणकाबाहेर ठेवणे इष्ट ठरते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. स्वरचित आज्ञा व शॉर्टकट यांचे मूल्य वेळेच्या बचतीपेक्षा वाचन व विचार यांतील अवधान अखंड राखण्यात आहे.

२. कळांवरील पहिला हक्क वापरकर्त्याचा असावा, हे तत्त्व ईमॅक्सने नियम म्हणून आणि ऑब्सिडियनने सूचना म्हणून स्वीकारले आहे. साधन निवडताना हे तत्त्व पाळले जाते किंवा नाही ते पाहावे.

३. आज्ञा काय करते हे प्रणालीला विचारता आले पाहिजे. जी आज्ञा केवळ स्मरणावर अवलंबून असते ती कालांतराने निरुपयोगी ठरते.

४. आज्ञेचे फलित प्लगइनशिवाय वाचता येणे हा सर्वांत महत्त्वाचा निकष होय. प्रश्न जिवंत ठेवणारे प्लगइन वापरावेत. परंतु त्यांनी दाखविलेली कोष्टके प्रबंधाच्या प्रत्येक टप्प्यावर साध्या मजकुरात उतरवून ठेवावीत.

५. साचे ठरावीक काळाने तपासावेत आणि आज्ञांना शक्य तेथे मराठी नावे द्यावीत.

६. मुलाखती व इतर संवेदनशील सामग्री प्लगइनच्या कक्षेत ठेवताना ती व्यक्ती ओळखता येणार नाही अशा रीतीने ठेवावी.

महाविद्यालयांतील संशोधन-पद्धतीच्या अध्यापनात संदर्भसूचीचे नियम तपशिलाने शिकविले जातात. टिपणांच्या साधनांचा विचार मात्र विद्यार्थ्यावर सोपविला जातो. पीएच.डी.चे काम चार-पाच वर्षे चालते आणि त्या अवधीत संगणक, सॉफ्टवेअर व प्लगइन यांपैकी काही ना काही बदलतेच. तेव्हा मार्गदर्शकाने आरंभीच विद्यार्थ्याला सर्व प्लगइन बंद करून आपली टिपणे साध्या संपादकात उघडून दाखविण्यास सांगावे. त्या स्थितीत जे वाचता येते तेच विद्यार्थ्याचे खरे संचित समजावे आणि जे वाचता येत नाही ते त्याच दिवशी लिहून घ्यावे.